मागचे चाक, पुढची खोली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पाणीपुरवठा खात्यातून मीटर वाचणारा म्हणून निवृत्त, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे मला सांगण्यात आले आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. यापूर्वी मी असा लेख केलेला नाही. केला होता असे कोणी दाखवू लागल्यास तो खोटा समजावा.

कलम पहिले. माझी माणसे. माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली. आम्हाला एक मुलगी. ती शाळेत गणित शिकवते आणि तिचे तिच्या घरी बरे चालले आहे. मला एक धाकटा भाऊ आहे, वय सत्तर. आमच्यात एकोणतीस वर्षे बोलणे नाही. त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, एका मोठ्या गॅरेजात चाकांचे काम करते आणि तिचा हात चांगला आहे असे ऐकतो.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते मुलीचे. यावर जास्त लिहिण्यासारखे नाही, आणि बँकेतही जास्त नाही.

कलम तिसरे. पत्नीची काठी, तिचा चष्मा आणि तिची खिडकीजवळची खुर्ची मुलीने न्यावी. खुर्चीचा एक पाय आखूड आहे. खाली पुठ्ठा लावावा लागतो. पुठ्ठा खुर्चीबरोबरच न्यावा, तो बरोबर मापाचा आहे.

कलम चौथे. माझी मोटरसायकल आणि तिची हत्यारे पुतणीला द्यावीत: टायर काढायच्या तीन लोखंडी पट्ट्या, पान्यांचा संच, रबराचा हातोडा, पावडरीचा डबा आणि पायाने मारायचा पंप. पंप तिच्या हाती पडेपर्यंत कोपऱ्यावरच्या न्हाव्याला मात्र देऊ नये. त्याने तो एकदा नेला, वॉशर हरवून परत आणला, आणि वर म्हणाला, "असाच होता." असा नव्हता.

गेली एकोणतीस वर्षे माझ्या गाडीचा प्रत्येक टायर मी घरीच, मागच्या अंगणात बदलला आहे. एकूण अकरा. हे पुतणीला शिकवायची माझी लायकी नाही, तरी माझी रीत नोंदवून ठेवतो. टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावायचे. ट्यूबला पावडर चोळून तिच्यात फुंकर घातल्याइतकीच हवा भरायची, म्हणजे ती गोल राहते आणि पट्टीखाली सापडत नाही. कड बसवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायची आणि व्हॉल्व्हपाशी संपवायचे. शेवटची वीतभर कड कधीच आत जात नाही असे वाटते. तेव्हा जोर करायचा नाही. समोर जाऊन गुडघ्याने टायर दाबायचा, कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची, की इकडची आपोआप सैल पडते. माझी पत्नी तेव्हा खुर्चीवर बसून पाहत असे. सगळे झाले की म्हणे, "थांबा. बोट फिरवा." मग मी दोन्ही बाजूंनी कड दाबून आत पूर्ण गोल बोट फिरवत असे, ट्यूब कुठे सापडली आहे का ते पाहत. ती "हं" म्हणाल्याखेरीज मी पंपाला पाय लावला नाही.

ती इतकी बारकाईने का पाहत असे, ते पुढच्या कलमात आहे. माझ्यामागे हा कागद वाचणाऱ्याने ते कलम मोठ्याने वाचावे. मुलीला हुंदका आला तर पाणी द्यावे आणि पुढे वाचावे.

कलम पाचवे. खरी हकिकत. धाकट्याचे मंडईच्या वळणावर टायरचे दुकान होते. माझ्या गाडीची चाके तोच करायचा. माझा मागचा टायर गुळगुळीत झाला होता आणि मी आज-उद्या करत होतो. एके दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "दादा, तू असल्या टायरवर वहिनीला मागे बसवतोस? थोडी लाज बाळग." तो म्हणाला ते खरे होते, आणि म्हणूनच मला झोंबले. मी दुसरीकडून नवा टायर आणला, तीन पट्ट्या आणल्या, आणि ठरवले की आता याच्या दुकानाची पायरी चढायची नाही.

रविवारी दुपारी अंगणात चाक उतरवले. जुन्या टायरची कड रिमला चिकटून बसली होती. पत्नी टायरवर दोन्ही पाय देऊन उभी राहिली, माझ्या खांद्याला धरून.

"अहो, मी पडेन."

"पडलीस तर धरतो."

आम्ही दोघेही हसत होतो, हे मला लिहिले पाहिजे. नवा टायर चढवताना शेवटची वीतभर कड जाईना. मी पट्टी खोल घातली आणि अंगातला सगळा जोर लावला. आतून बारीकसा आवाज आला, दातांत काहीतरी आल्यासारखा.

"काय झालं?" तिने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो.

हवा भरली, टायर टणक झाला. मला भावापेक्षा मोठे झाल्यासारखे वाटले. मोठा तर मी होतोच.

तिसऱ्या दिवशी कालव्याच्या रस्त्यावर मागचे चाक एकदम बसले. गाडी साप वळवळावा तशी वळवळली. मी हँडल धरून राहिलो, ती फेकली गेली. तिच्या खुब्याचे हाड मोडले. पुढे दोन ऑपरेशने झाली, पण पाय आखूड तो आखूडच राहिला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या थोरल्या भावाने माझी कॉलर धरली. "चाक कुणी बसवलं होतं?"

मी म्हणालो, "धाकट्यानं."

एवढा एकच शब्द. तो तोंडातून बाहेर पडताना मला त्याचे वजन कळले नाही. पण मागे घ्यायला पुढे एकोणतीस वर्षे होती, आणि मी तो मागे घेतला नाही. उलट दुसऱ्या दिवशी मी दुकानासमोर उभा राहून, येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल असा भावाला बोललो. तो हातातले चाक खाली ठेवून नुसता बघत राहिला. मला वाटले, बिचकला. सख्ख्या वहिनीचे चाक ज्याला धड बसवता आले नाही, त्याच्याकडे कोण जाणार? आठ महिन्यांत त्याचे शटर कायमचे खाली आले. तो पलीकडच्या गावी दुसऱ्याच्या गॅरेजात नोकरीला लागला.

पत्नीला सगळे ठाऊक होते. टायरवर तीच तर उभी होती. शुद्धीवर आल्यावर चौथ्या दिवशी तिच्या कानावर माझा शब्द गेला. तिने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही भाऊजींना सांगणार आहात ना?" मी म्हणालो, "सांगतो." मुलीच्या लग्नात तिने पुन्हा विचारले. शेवटच्या आजारपणात पुन्हा. दर वेळी मी "सांगतो" म्हणालो. ती स्वतः कोणाला बोलली नाही. म्हणायची, "मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तुमचं तुम्ही सांगायचं."

तर आता सांगतो. मागचे चाक मीच बसवले होते.

कलम सहावे. घर. राहते घर मुलीचे; मात्र रस्त्याकडची पुढची खोली, तिच्या शटरसह, पुतणीची. तिथे तिने टायरचे दुकान काढावे आणि त्यावर तिच्या वडिलांच्या नावाची पाटी लावावी. पाटी मंडईच्या वळणावरून वाचता येईल एवढी मोठी असावी. मुलीने यास हरकत घेऊ नये. ती घेणार नाही, पण कायद्याने लिहावे लागते.

कलम सातवे. कलम पाचवे पत्नीच्या थोरल्या भावाला घरी बोलावून ऐकवावे.

(येथे माझी सही व्हायची होती. ती झाली नाही. का, ते पुढे लिहिले आहे.)

पुरवणी. साक्षीदार म्हणून मी आमच्या डॉक्टरीणबाई आणि समोरचे शिंपी यांना बोलावले होते. साक्षीदाराने कागद वाचायची गरज नसते, पण शब्दांच्या चुका बघा म्हणून मीच तो बाईंच्या हातात दिला. त्यांनी पाचवे कलम दोनदा वाचले.

"काका, तुमचे भाऊ आहेत ना अजून?"

"आहे."

"बसनं किती लांब?"

"पाऊण तास."

त्यांनी पेनाला टोपण लावले. "मेल्यावर सांगायचं म्हणजे उत्तर ऐकायला नको, होय ना? पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी येते मी." शिंपी म्हणाले, "मलाही बाह्या लावायच्या राहिल्यात," आणि तेही उठले. चहा तसाच राहिला.

मी चार दिवस डॉक्टरीणबाईंवर चिडून होतो. पाचव्या दिवशी मुलीला फोन करून बोलावले आणि तिच्या आईच्या खुर्चीसमोर बसून सगळे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, मी बारा वर्षांची होते. काका रस्त्यात दिसले की मी तोंड फिरवायचे. एकदा त्यांनी माझ्या सायकलची हवा बघितली, तर मी सायकल ओढून नेली. तुम्ही शाबास म्हणालात."

"म्हणालो होतो."

ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेल्या कपबशा पुन्हा धुतल्या. परत आली तेव्हा तिच्या हातात गाडीची किल्ली होती. "चला," ती म्हणाली. "आत्ताच. तुमच्या 'सांगतो'वर माझा विश्वास नाही."

धाकटा टेबलफॅन उघडून बसला होता. केस सगळे गेले आहेत. मला पाहून तो उठला नाही, पण स्टूल पुढे सरकवले. मी वाटेत वाक्ये जुळवली होती, ती सगळी गेली. मी म्हणालो, "ते चाक मी बसवलं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मला वाटले त्याने नीट ऐकले नाही.

"तुझी गाडी टेम्पोत घालून माझ्याच दुकानात आणून टाकली होती ना. ट्यूब मी काढली. पट्टीचा चावा होता, दोन छेद शेजारी शेजारी. आणि पावडरीचा कण नाही. मी बसवलं नव्हतं हे मला ठाऊकच होतं; आणि पावडरीशिवाय ट्यूब दुसरा कुठला दुकानदारही घालत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझा मेहुणा सगळ्यांना सांगत होता, दादाची चूक निघाली तर बहिणीला परत पाठवणार नाही. वहिनी पलंगावर, पोर बारा वर्षांची. मी कुणासमोर बोलणार होतो? म्हटलं, महिनाभर थांबू. वहिनी घरी आली की दादा स्वतः येईल." त्याने फॅनचे पाते फडक्याने पुसले, मग दुसरे पुसले. "महिना फारच लांबला."

माझी मुलगी दारातच उभी होती. ती रडत होती आणि मीही. धाकटा रडला नाही. मी त्याला खोलीचे सांगितले. पाटीचेही सांगितले.

"खोली नको मला. दुकान गेलं त्याचं मला काही नाही, मी हातांवर जगलो. पण वहिनी गेली तेव्हा मी तुझ्या फाटकाबाहेर उभा होतो. तुझा मेहुणा म्हणाला, याला आत घेऊ नका. तू ते ऐकलंस, दादा. माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. तिनं मला पोरासारखं सांभाळलं होतं. तिचा चेहरा बघायचा राहिला माझा."

मी पुन्हा मान खाली घातली.

आतून पुतणी आली. तिने सगळे ऐकले असावे. म्हणाली, "बाबांना खोली नको असेल. मला हवी आहे. मोठे काका, शटर किती फुटी आहे?"

"दहा," मी म्हणालो.

"मग दोन गाड्या आत मावतील," ती म्हणाली. बाप तिच्याकडे रागाने बघू लागला, पण तिचे मोजमाप सुरूही झाले होते.

तिथूनच मी मेहुण्यांना फोन लावला. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मी सांगत असताना त्यांचा श्वास ऐकू येत होता. शेवटी त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. कलम सातवे त्यामुळे रद्द समजावे. कलम सहावे कायम. धाकट्याने मला माफ केले असे कोणी समजू नये. तो तसे म्हणालेला नाही आणि मी विचारलेले नाही. परवा त्याने फोन करून पुढच्या खोलीतली ओल भिंतीत कुठवर चढते ते विचारले. मी सांगितले. तेवढेच बोलणे झाले.

कलम आठवे, नवीन. मी गेल्यावर माझा चेहरा झाकण्याआधी धाकटा येईपर्यंत थांबावे. तो आला नाही तर तासभर जास्त थांबावे. त्या दिवशी घराचे फाटक उघडे ठेवावे आणि येणाऱ्या कोणालाही अडवू नये. मेहुण्यांनाही नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला; तो माझा आहे. आता माझ्यामागे उघड व्हावे असे काही उरलेले नाही.

सही: मृत्युपत्र करणारा
(अक्षर वाकडे आले आहे, तरी सही माझीच आहे)

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना पाहिले, आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या:
१. डॉक्टरीणबाई. तपासून लिहिते की लिहिणाऱ्याची बुद्धी शाबूत आहे.
२. समोरचे शिंपी

स्थळ: माझे राहते घर
शनिवार, १७ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा