माझ्या नावावर घेतलेला फोन

सोमवार

पोचलो एकदाचा! टेकडीवरचं हे आरोग्यभवन फोटोपेक्षाही झकास आहे. लांब व्हरांडे, उंच खिडक्या, मोठ्या आजारातून उठलेली मंडळी आरामखुर्च्यांत पसरलेली, आणि मला चक्क स्वतंत्र खोली. मोबाइलला इथे रेंज नाही, त्यामुळे सगळा कारभार इमारतीच्या वायफायवर. त्या वायफायचे द्वारपाल म्हणजे अस्मादिक. पासवर्ड काय, कोणीही कोणाच्याही कानात सांगतो, म्हणून इथे त्यावर भिस्त नाही. प्रत्येक फोनला कारखान्यातूनच स्वतःचा क्रमांक मिळालेला असतो. तो मी मालकाच्या नावावर चढवला तरच फोन आत, नाहीतर बसा बाहेर. मुख्य परिचारिका, म्हणजे मोठ्या बाई (हसायला त्यांना डॉक्टरांनीच मनाई केली असावी), यांनी बजावलं की एका माणसाच्या नावावर एकच यंत्र चालेल, लाड नाहीत.

संध्याकाळी व्हिडिओवर ठमीला खोली दाखवली. रोज बोलायचं, एकही दिवस चुकवायचा नाही, असं लेकीने माझ्याकडून वदवून घेतलं. पहिलीत आहे, पण उलटतपासणी वकिलासारखी घेते. तिच्याशिवाय करमणार नाही हे मात्र खरं.

बुधवार

एक निवृत्त मुख्याध्यापक इथे विश्रांतीला आहेत. त्यांना टॅब्लेटखेरीज फोनही आत हवा होता. मी नाही म्हटल्यावर त्यांनी माझं नाव 'सासूबाई' ठेवलं. आता अख्खा व्हरांडा मला तसंच हाक मारतो.

कालपासून एक अनोळखी यंत्र सारखं परवानगी मागतंय. मी नकार देतो, ते पुन्हा विचारतं. संस्थेचा लॅपटॉप (त्यावर फक्त ही परवानगीची यादी चालते) घेऊन शोधत फिरलो. त्याचा सिग्नल सगळ्यांत ठळक मिळाला तो धोबीखान्याशेजारच्या रिकाम्या खोलीत. खोलीत काही नाही. भिंतीत काही नाही. तरी तिथे उभं राहवेना.

शुक्रवार

आज त्या यंत्राने उच्छाद मांडला. विनंतीवर विनंती, श्वास घ्यायला उसंत नाही. सगळं नेटवर्क तुंबलं, डॉक्टरांना रिपोर्ट उघडेनात. मोठ्या बाईंनी मला सगळ्यांदेखत झापलं. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, ये बाबा आत, पण गप्प बस! नावाशिवाय परवानगी देता येत नाही, म्हणून माझंच नाव टाकलं. उद्या निस्तरू.

सगळं क्षणात शांत झालं. नियमाप्रमाणे माझा स्वतःचा फोन मात्र बाहेर फेकला गेला. म्हणजे आज ठमीशी बोलणं नाही. गाल फुगवून बसली असेल बिचारी.

शनिवार

उठल्याउठल्या ते यंत्र काढलं, माझा फोन परत चढवला आणि घरी फोन लावला. ठमीची माफी मागितली तर ती बघतच राहिली. म्हणाली, काल तर तू कित्ती वेळ बोललास, गोष्टसुद्धा सांगितलीस. मागून ही हसत म्हणाली की अहो, कालच्यासारखंच बोलत जा रोज, लग्नानंतर पहिल्यांदाच माझं सगळं ऐकून घेतलंत.

मी काही बोलणार तेवढ्यात फोन तुटला. पाहतो तर माझ्या नावावर पुन्हा तोच क्रमांक.

मी चढवलेला नाही.

सोमवार

पुसतो. क्रमांक परत येतो. पुसतो. परत—

जेवण जात नाही. स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, आधीचे साहेबही असेच लॅपटॉप घेऊन भिंती हुंगत फिरायचे. ते कुठे गेले, विचारलं. तर म्हणाल्या, कोण जाणे, कपडेसुद्धा इथेच टाकून गेले. पण आईला रोज न चुकता फोन करतात म्हणे. म्हातारी अगदी खूश आहे.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या चक्क हसल्या. सकाळी मी त्यांना फार नम्र निरोप पाठवला होता म्हणे.

मी पाठवला नाही. माझ्याकडे पाठवायला आहेच काय?

मंगळवार

मुख्याध्यापकांचा टॅब्लेट मागून घेतला. त्यावरून घरी फोन लावला. हिने उचलला. मी ओरडलो, तो मी नाही, त्याच्याशी बोलू नका, ठमीला त्या फोनजवळ जाऊ देऊ नकोस.

हिने विचारलं, कोण बोलतंय.

माझा आवाज. माझी बायको. आणि कोण बोलतंय!

म्हणाली, आमचे हे दुसऱ्या फोनवर आहेत, त्यांच्या आवाजात कोणीतरी फोन करेल असं त्यांनी आधीच सांगितलंय. उद्या आम्ही त्यांच्याकडेच निघालोय, पुन्हा त्रास दिलात तर पोलिसांत जाईन. ठेवला.

त्यानेच बोलावलंय त्यांना. इथे.

पळत फाटकाकडे गेलो. फाटक कर्मचाऱ्याच्या फोनला ओळखून उघडतं. माझ्या फोनला ओळखेना. पहारेकऱ्याने दंड धरला. म्हणाला, साहेबांनी कळवलंय, एक अनोळखी माणूस आत शिरलाय. अरे, साहेब मीच! रोज मला सलाम करतोस तू! त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

वरच्या मजल्यावरच्या या खोलीत मला कोंडलंय. बाहेरून कुलूप. वही तेवढी खिशात राहिली.

बुधवार

गाडी आली. भर दुपार. खिडकीतून सगळं दिसतंय. ही बॅगा उतरवतेय. नवी साडी नेसलीय—

ठमी उतरली. फोन समोर धरलाय. त्याच्याशी बोलत, हसत— तो रस्ता सांगतोय. मोठ्या बाई दारात, हात पुढे केलेला—

काच बडवतोय. फुटत नाही. ठमे! ठमे!

वर पाहिलं. माझ्याकडे. सरळ माझ्याकडे पाहिलं पोरीने.

मग फोनला विचारलं. काच बंद, तरी ओठांवरून कळलं— बाबा, तो काका कोण आहे?

त्याने काहीतरी सांगितलं. तिने मान डोलावली. मला टाटा केला, ओळख नसलेल्याला करतात तसा.

धोबीखान्याकडे वळले. तिकडे नका नेऊ तिला— हे वाचेल त्याने धावत जा, तिच्या हातातला फोन आधी— ती माझी आहे, मी तिचा