तुझ्या नावावरचं माझं वर्ष

हिंगोली,
एप्रिलचा शेवटचा आठवडा

प्रिय अक्का,

पत्र बघून हसशील. परवाच तर फोन झाला, मग ही मिना पत्र कशाला लिहीत बसली, असं म्हणशील. पण फोनवर तू कशी बोलतेस ते तुलाच ठाऊक आहे. मी चार वाक्यं बोलले की तुझं 'हं', आणखी चार बोलले की 'बरं, ठेवते'. पत्र तसं मध्येच ठेवता येत नाही, आणि ठेवलंस तरी चष्मा पुसून पुन्हा उचलशील. परवा तू म्हणालीस, हत्ती गेला अन् शेपूट राहिलं, आता एका वर्षासाठी कोण ओढत बसतं, सुट्टी लागली की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन टाकते. मी त्यावर 'बरं' म्हणाले. तुला वाटलं असेल, पोरीला पटलं. पटलं नव्हतं गं, तेव्हा सुचलं नाही, एवढंच.

आमची सध्या सकाळची शाळा आहे. दिवस उगवायच्या आधीची बस धरून मी कनेरगाव नाक्याला उतरते आणि तिथून देविदास सर मला मोटारसायकलवर तांड्यापर्यंत नेतात. सर आमचे मुख्याध्यापक. तिसरी-चौथी त्यांच्याकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे, शाळेत आम्ही दोघंच. गाडीवर चढताना माझे गुडघे वाजतात, तर सर रोज वळून विचारतात, बाई, आवाज गाडीचा आला का? मीही रोज सांगते, गाडीचाच, सर्व्हिसिंगला टाका. उन्हाचं विचारू नकोस. दहा वाजले की पत्रे तापतात, मग मी लेकरांना घेऊन बाहेर लिंबाखाली बसते. तिथे पाढे म्हणायला गळे मोकळे होतात, आणि शेळ्या फळ्याचा खडू खाऊन जातात.

माझी निवृत्ती कागदावर एकतीस मेला, पण निकाल महाराष्ट्र दिनाला लागतो आणि त्या दिवशी शाळा संपते. म्हणजे या आठवड्यात मी खरी निवृत्त होणार. सरांना मोठा कार्यक्रम करायचा होता, केंद्रप्रमुखांना बोलवायचं, मंडप टाकायचा. मी म्हटलं, शाल नको, या दिवसांत शालीचं काय करू? शेवटी लेकरांबरोबर जेवायचं ठरलं. सर हसतात खरे, पण आतून धास्तावलेत. शाळा नाक्यापासून आत पडते, म्हणून बदलीच्या वेळी हिला कुणी पसंती देत नाही. माझ्या जागी कुणी आलं नाही तर जूनमध्ये चारही वर्ग त्यांच्या एकट्याच्या गळ्यात. पहिलीच्या लेकरांना मग कोपऱ्यात बसवून चित्रं रंगवायला द्यायची, दुसरं काय होणार?

या निवृत्तीवरून आमचे हे मला चिडवतात, धाकटी असून आधी म्हातारी झालीस म्हणतात. मग मी त्यांना व्यंकटराव गुरुजींची गोष्ट पुन्हा ऐकवते. तुला आठवतो तो दिवस? बाबांनी, आपल्या अमृतरावांनी, धुतलेलं धोतर नेसून आपल्या दोघींना एकदमच शाळेत नेलं होतं. जन्मतारीख कुणाच्या बापाला माहीत? मायला विचारावं तर ती सांगायची, थोरली तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हाची आणि धाकटी त्याच्या पुढच्या सालची, मूग तोडतानाची. गुरुजींचं माप वेगळं होतं. डोक्यावरून हात न्यायचा आणि पलीकडचा कान धरायचा. कान हाती आला तर पोर शाळेजोगं झालं. माझे हात मुळात लांब, मी कान धरून वर ओढूनही दाखवला. तुझी बोटं मात्र वेणीशीच अडली. गुरुजींनी मला थोरली लिहिलं आणि तुला माझ्याहून वर्षाने धाकटी, दोघींचा वाढदिवस एक जून. बाबा हळूच म्हणाले, गुरुजी, थोरली ही हाय. तर गुरुजी मान वर न करता म्हणाले, "अमृतराव, माणूस इसरतो. कान खोटं बोलत न्हाई." बाबांना दोन्ही पोरी शाळेत बसल्याचाच आनंद इतका, की ते पुढे काही बोलले नाहीत.

तू घरापर्यंत रडत आलीस. वय चुकीचं लागलं म्हणून नव्हे, मी तुझ्यावर थोरलेपणा गाजवायला लागले म्हणून. पुढे डी.एड. दोघींनी एकदमच केलं, नोकरीवर एकाच दिवशी हजर झालो, आणि ज्येष्ठतेच्या यादीत मी तुझ्या वरच राहिले. किती वर्षं मी तुला म्हणत आले, वडीलधाऱ्यांशी नीट बोलायचं! गंमतच होती सगळी. आता मात्र त्या कानाची गंमत वाटेनाशी झाली आहे, कारण मला शाळा सोडवत नाही.

कारण सांगते. माझ्या वर्गात हजेरीला 'हजर बाई' म्हणायचं नाही, अशी रीत मी घातली आहे. नाव घेतलं की सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. तांड्यावरची बंजारा लेकरं घरी त्यांची गोरमाटी बोलतात, भाकरीला बाटी म्हणतात. सुरुवातीला त्यांच्या तोंडून मराठी शब्द निघावा म्हणून हे सुरू केलं, पण त्यातून मला त्यांची घरं कळायला लागली. कुणाची बाटी अन् चटणी, कुणाचा चहा अन् खारी, आणि कुणी मान खाली घालून 'काहीच न्हाई' म्हणतं. मग मी रुख्मिणीबाईंना, आमच्या खिचडी शिजवणाऱ्या बाईंना, खिडकीतून खूण करते. त्या दिवशी चूल लवकर पेटते आणि पहिलं ताट कुणाला द्यायचं ते त्यांना सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की 'काहीच न्हाई' वाढतं. आजीआजोबांच्या हातून सगळ्यांचं होत नाही ना.

या वर्षी पहिलीत रोशनी नावाची मुलगी आली. आई संगिता आणि बाप दोघंही ऊसतोडीला, ही आजीजवळ, पारुबाईंजवळ. अक्का, ही पोर वर्षभर शाळेत एक शब्द बोलली नाही. अभ्यासात मागे नाही. चिंचोके मांडून बेरजा करते, पाटीवर अक्षर सुबक काढते, पण ओठ उघडत नाही. हजेरीला तिचं नाव आलं की शेजारची तिच्या वतीने सांगते, बाई, हिनं बाटी खाल्ली. मी पारुबाईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, घरी तर लय बोलते बाई, कोंबडीसंगं बी बोलते, शाळेत काहून बोलत न्हाई ते मला काय ठाव. कुणी म्हणालं दवाखान्यात दाखवा, कुणी म्हणालं दटावून बघा. मी काहीच केलं नाही. रोज तिचं नाव घ्यायचं, थोडं थांबायचं, आणि पुढचं नाव घ्यायचं. थांबायचं मात्र रोज, न चुकता.

आता थोडं तुझ्याकडे वळते, रागावू नकोस. भाऊजी गेल्यापासून फोनवर मी तुला पहिला प्रश्न काय विचारते? जेवलीस का, हाच. आणि तू म्हणतेस, होईल काहीतरी. मागच्या आठवड्यात रेटून विचारलं तेव्हा कळलं, चहात बिस्किटं बुडवून तुझं रात्रीचं जेवण झालं होतं. एकटीसाठी कुठे चूल पेटवायची, म्हणालीस. ज्या बाईने वारंगा फाट्याच्या त्या घरात येईल-जाईल त्याला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही, तिने हे म्हणावं? धम्मानंद पुण्याला बोलावतो, पोरगा भला आहे, सूनही भली आहे. पण तिथे सकाळी दोघं कामाला गेली की तू दिवसभर गॅलरीत बसणार. शाळाही सोडलीस तर तुला नावाने हाक मारणारं दिवसभरात कोण राहील? मला तुझी काळजी वाटते, अक्का. फोनवर हे म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तो फोन ठेवला आणि मीही माझं ताट तसंच झाकून ठेवलं. सकाळी तशीच निघाले. हजेरी झाली. रोशनीच्या नावाला थांबले, शेजारचीने सांगितलं, पुढची नावं घेतली, वही मिटली. पाठमोरी होऊन फळ्यावर तारीख लिहीत होते, तोच पदर ओढल्यासारखा वाटला. वळून बघते तर रोशनी. सगळ्या वर्गाच्या माना वळल्या, कारण ती तोंड उघडत होती.

"बाई, तुमी काय खाल्लं?"

इतकी वर्षं मी लेकरांना विचारत आले. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वर्गात खोटं बोलायचं नाही हा माझाच नियम, म्हणून म्हणाले, "काहीच न्हाई." तिने मान हलवली, अगदी मी हलवते तशी, आणि सरळ खिडकीशी जाऊन रुख्मिणीबाईंना खूण केली. खिचडी झाल्यावर त्या दिवशीचं पहिलं ताट माझ्यापुढे आलं. दोन्ही हातांनी धरून तिनेच आणलं, आणि मी अर्धं संपवेपर्यंत समोर उभी राहिली. मला रडू आलं. खिचडी तिखट आहे म्हणाले, तर रुख्मिणीबाई रुसल्या. तेव्हापासून पोर बोलायला लागली आहे. फार नाही, पण स्वतःच्या हजेरीला उत्तर देते आणि हजेरी संपली की मला विचारते. आणि नेमकं आता मला जायचं आहे. जूनमध्ये तिचं नाव घेऊन थांबणारं कुणी नसेल तर ती पुन्हा मिटेल, ही भीती मला झोपू देत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. व्यंकटराव गुरुजींनी कान बघितला नसता तर या मेमध्ये तू निवृत्त झाली असतीस आणि मला अजून एक वर्ष मिळालं असतं. म्हणजे जे वर्ष तू टाकून द्यायला निघाली आहेस ते तुझं नाहीच, माझं आहे. गुरुजींनी चुकून तुझ्या नावावर लिहिलं. आजवर मी ते मागितलं नाही, आज मागते. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज फाडून टाक आणि बदलीच्या अर्जात माझी शाळा पहिल्या पसंतीला लिही. मुदत अजून आहे, आपल्या वयाला सवलत आहे, आणि ही जागा तुझ्याशिवाय कुणी मागणार नाही. राहायला माझ्याकडे ये, पुढची खोली ह्यांनी चुना देऊन ठेवली आहे, मी काही न सांगता. सकाळच्या बसमध्ये मी तुला बसवून देईन, नाक्यावर देविदास सर येतील, ते गाडीच्या आवाजाचं विचारतील, तू हस. वर्गात रोशनीचं नाव आलं की थोडी थांब. आणि हजेरी संपल्यावर ती तुझ्याजवळ येऊन विचारेल तेव्हा खरं सांग. डबा मी भरून देईन, म्हणजे तुझ्याकडे सांगायला काहीतरी असेल.

तुझीच,
कागदावरची थोरली
मिना