भिंतीवरचा डोळा

रायते, ता. कल्याण
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सुशांत यास आईचे आशीर्वाद. सौ. ऐश्वर्यालाही सांग.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. अक्षर वाकडं दिसेल, त्याचं कारण पुढे येईल. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" म्हणतोस आणि माझं अर्धं बोलणं घशातच राहतं. पत्र मधेच कापता येत नाही. शेजारच्या तुळसाचा पोरगा प्रेम तुमच्या ठाण्यातच खोपट एसटी डेपोत ड्यूटीवर असतो, तो तुझ्या हातात आणून देईल. पूर्ण वाच.

आधी तुझ्या वस्तूंचं. दसऱ्याला टेम्पो भरून आलास. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, विजेची शेगडी. सगळी आळी बघायला जमली. मी फ्रिजला कुंकू लावलं, नारळ फोडला, तू फोटो काढलेस. मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही. चार बायकांत मिरवलंसुद्धा. मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला, पाण्याचा पाइप मोरीपर्यंत पुरत नाही, सध्या खाली बादली ठेवा, चालून जाईल. तू म्हणालास, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ दिवाळीची होती. दिवाळीत तुम्ही केरळला गेलात.

आणि सगळ्यात शेवटी तो कॅमेरा, फ्रिजच्या समोरच्या भिंतीला. "आई, आता तू एकटी नाहीस. चोवीस तास माझं लक्ष आहे तुझ्याकडे." हे तुझे शब्द. मी खरे मानले. स्वयंपाकघरात पदर नीट घेऊन वावरायला लागले. तुझ्या वाढदिवसाला स्टुलावर चढून त्या कॅमेऱ्याला निरांजन ओवाळलं, लाडू दाखवला. हसू नकोस. रात्री तुझा फोन आला तेव्हा कळलं, तू ते पाहिलंच नव्हतंस. कामाचा माणूस आहे, म्हटलं, आणि लाडू मीच खाल्ला.

मग ते तुळसाचं. ती डबा घेऊन आली, म्हणाली, "कलावती, जरा कोलबी ठेवू का गो तुझे फ्रिजान? उद्या पावने येतान." तिने फ्रिज उघडला मात्र, भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून तुझा आवाज आला. "आई, मच्छी ठेवू देऊ नकोस, वास राहतो. आणि कोणीही येऊन आपला फ्रिज उघडतं, हे बरं नाही."

कोणीही? तुझे बाबा मोहन्याला कंपनीत आणि मी शेतावर असायचे, तेव्हा तू दिवसभर कोणाच्या कडेवर असायचास? कोलंबी सोलून तुझ्या तोंडात घालणारी बाई तुझ्यासाठी कोणीही झाली? तिने डबा उचलला. "पोराचा आवाज वलखला मी. मोठा झाला," एवढंच बोलली. मी हाका मारत राहिले, ती वळली नाही. रोज चारच्या चहाला येणारी बाई, दुसऱ्या दिवसापासून फिरकली नाही. मीही लाजेने तिच्या दारात गेले नाही.

आता अक्षराचं. लहानपणी मी डावरी होते. शाळेत बाईंनी छडी मारमारून उजव्या हाताने लिहायला लावलं. तो टाकून दिलेला डावा आज कामाला आला, कारण उजवा प्लास्टरमध्ये आहे.

मागच्या गुरुवारी दुपारी मशीन लावलं आणि बादली भरून वाहिली. तू बसवलेल्या नव्या लादीवर पाय सटकला. हात अंगाखाली आला, कंबर हलेना. मोबाईल ओटीवर होता. समोर तुझा कॅमेरा, त्याचा हिरवा दिवा चालू. मी त्याच्याकडे बघून तुला हाका मारल्या. आधी हळू, ऑफिसात असशील म्हणून. मग मोठ्याने. मग रडत. भिंत काही बोलली नाही. कोलंबीला बोलली होती.

चार वाजून गेले. इतर कुठल्याही दिवशी तुळसा आली असती. त्या दिवशी आली नाही, ती तुझ्या कृपेने. तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा दिसला नाही, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "राग गेला चुलीन," म्हणत आत आली, ओल्या लादीवर बसून माझं डोकं मांडीवर घेतलं. प्रेमने रिक्षा आणून कल्याणला नेलं.

रविवारी तुझा फोन आला. मी सांगणार होते, देवाशपथ. मी म्हटलं, कॅमेऱ्यात काही दिसलं का रे तुला? तू हसलास. म्हणालास, "अगं, त्याचा अलर्ट बंद करून टाकलाय. तू जरा हललीस की फोन वाजतो, मीटिंगमध्ये वैताग येतो." मी बरी आहे म्हणून फोन ठेवला.

सुशांत, त्या दुपारी मी हलत नव्हते.

तू बघत नव्हतास याचा मला राग नाही. पोराने कामधंदा सोडून आईकडे बघत बसावं, असं कोण म्हणेल? राग याचा आहे की लक्ष आहे म्हणालास, आणि जिचं खरंच लक्ष होतं तिला माझ्या घरातून घालवलंस. हा राग इतक्यात जायचा नाही. जावा असं मला वाटतही नाही.

मशीन बंद आहे, कपडे तुळसा धुते. फ्रिज झकास चालतो, त्यातला खालचा कप्पा मी तिला दिलाय. वास येतो. येऊ दे.

कॅमेरा प्रेमकडून काढून ओटीवर लावून घेतलाय, फाटकाकडे तोंड करून. मोबाईल उघडशील तेव्हा मी दिसणार नाही. माझ्या दारात कोण येतं ते दिसेल, आणि कोण येत नाही तेही. येणार असलास तर आधी तुळसाच्या दारात उभा राहा. तिने आत घेतलं, तर पुढे माझं घर आहेच.

डाव्या हाताने,
तुझी आई