पाइपाचा आधार म्हणून नोंदलेले हौसराव

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
ग्रामदीप तपासणी कक्ष, शिरूर.

विषय : बाहेरच्या दिव्याच्या पाइपाला ‘आधार’ म्हणून लागलेले अर्जदाराचे नाव कमी करून लोखंडी ब्रॅकेटची नोंद घेणेबाबत.
संदर्भ : आपला तपासणी अहवाल, दि. ९ सप्टेंबर २०२५.

महोदय,

अर्जदार श्री. हौसराव भिमाजी गायकवाड, वय ७१, रा. उंबरमळा, ता. शिरूर, हे दौंडला रेल्वेत तेहेतीस वर्षे ट्रॅकमन होते. वरिष्ठांचा लेखी हुकूम त्यांनी नोकरीत कधी मोडला नाही व निवृत्तीनंतरही मोडत नाहीत. सध्याची अडचण त्यातूनच उद्भवली आहे. त्यांना मोतीबिंदू असल्याने हा अर्ज अभ्यासिकेतील विद्यार्थिनीने लिहिला आहे.

१. वस्तीवरील विहारालगतच्या अभ्यासिकेत अकरा मुली संध्याकाळी अभ्यासाला येतात. दारासमोरच कारखान्यांचे ट्रक वळतात, म्हणून बाहेर दिवा घेतला. वायरमन रखमाजी यांनी एका उभ्या पाइपाच्या टोकाला वायरच्या जोडाची पेटी व पेटीवर दिवा बसवला. आपल्या तपासनीस साहेबांनी तो नापास केला, आणि योग्यच केले. दिव्याचे वजन एकट्या पाइपावर टाकता येत नाही, पाइप हलला की आतली वायर घासते, पेटीजवळ पक्का आधार पाहिजे, असे त्यांनी नीट समजावून सांगितले. नेमका तेव्हा वारा सुटला. साहेबांच्या डोक्यावर दिवा पडू नये म्हणून अर्जदारांनी पाइप धरला. ‘आधाराचा प्रकार’ हा रकाना मोकळा सोडता येत नसल्याने साहेबांनी तेथे ‘श्री. हौसराव (तात्पुरता)’ असे लिहिले. खाली अट छापलेली होतीच : नमूद आधार जागेवर नसल्यास दिवा लावू नये.

२. तेव्हापासून अर्जदार रोज साडेसहा ते साडेआठ पाइपाला हात लावून उभे असतात. रखमाजींनी चौथ्याच दिवशी भिंतीत ब्रॅकेट ठोकून पाइप व पेटी आवळून टाकली. पाइप आता हलत नाही. अर्जदारांना मात्र हलता येत नाही. फेरतपासणी मागितली असता, आधाराबद्दल तक्रार नसल्याने गरज नाही, असे कळवण्यात आले.

३. एकदा पुतणे सतीश बदली उभे राहिले. आधार बदलल्यास त्याची लांबी व जाडी कळवावी, असे आपल्या कक्षातून फोनवर सांगण्यात आले. लांबी कळवली आहे. जाडीबद्दल सतीश यांच्या घरात एकमत झालेले नाही.

४. दौंडला अर्जदारांच्या कन्या भाग्यश्री यांनी डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली व दोन्ही हुकल्या. मुलींच्या भरतीची परीक्षा डिसेंबरात आहे, तोवर जागा सोडणार नाही, असे अर्जदार म्हणतात. आता दि. २२ नोव्हेंबर ही तिसरी तारीख आहे. आणखी लांबवू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

५. म्हणून काल मुलींनी दिवा लावलाच नाही. दिवा नाही तर आबा घरी जातील, असा हिशेब होता. अर्जदार ठरल्या वेळी आले आणि अंधारात पाइप धरून उभे राहिले. मुलींनी विनवणी केली तेव्हा ते एवढेच म्हणाले, “दिवा न्हाई लागला, ती तुमची मर्जी. माझं नाव कागदावर हाय.” मग मुलींनाच राहवेना. त्यांनी दिवा लावला, पुस्तके बाहेर आणली आणि त्यांच्या पायाशी बसून अभ्यास केला. कोणाचाही फारसा झाला नाही.

तरी दि. २२ पूर्वी आपण स्वतः यावे, ब्रॅकेट हलवून पाहावे आणि अर्जदारांना त्यांच्या कामातून लेखी मोकळे करावे. तोंडी सांगितलेले ते ऐकत नाहीत. आम्ही सांगून पाहिले आहे.

आपल्या सहीची वाट पाहत उभे असलेले,
हौसराव भिमाजी गायकवाड
(सही अर्जदाराची, अक्षर कु. वैष्णवी हिचे)

उंबरमळा, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) तपासणी अहवालाची प्रत. २) ब्रॅकेटचा फोटो. फोटोत ब्रॅकेटसमोर अर्जदार आले आहेत. बाजूला व्हा म्हटले, तर झाले नाहीत.