जहाजावरचा नवरा

३ मार्च, रविवार

आज पुन्हा तोच प्रश्न! "लेखक म्हणजे नक्की कोण?"

हार्सोयो सरांच्या ओसरीवर दर रविवारी आम्ही नऊ जण याचं उत्तर शोधतो. सापडलं तर पुढच्या रविवारी करायचं काय, म्हणून सापडू देत नाही. सरांची एक कादंबरी आहे – बावीस वर्षांपूर्वीची. उरलेल्या प्रती पलंगाखाली. पलंगाचा एक पाय मोडलाय, पण झोपायला अडचण येत नाही म्हणे. गलिह कवी आहे. आमच्या डोंगरातल्या सालातिगा गावच्या थंडीचं निमित्त करून भर दुपारी मफलर! त्याची कविता चार ओळींची, वाचायला पाव तास. मधली शांतताही त्याचीच ना.

आणि मी निंग. वय एकेचाळीस. बाजाराजवळ झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. या सगळ्यांचं लिखाण मीच टाइप करते, त्यामुळे कोणाचं शुद्धलेखन किती वाईट, हे गावात मला एकटीलाच माहीत.

सर म्हणाले, "लेखक तो, जो आपल्या घरातलं खरं सांगायला कचरत नाही." सरांची कादंबरी एका डच मडमेवर आहे. ती यांच्या घरात कधी येऊन गेली, हे विचारणार होते – तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली. मी कप उचलला.

मग माझ्याकडे वळून – "निंग, तुझ्या घरात नाही का काही?"

आहे ना! ताई आहे.

६ मार्च, बुधवार

वार्सितीताई. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. आई-वडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं. बसस्थानकासमोर तिची पेचेलची टपरी – उकडलेली भाजी, वर शेंगदाण्याची चटणी, सोबत तळलेलं तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या. चटणी तिखट, बाई त्याहून.

सत्तावीस वर्षांपूर्वी पार्दीदाजी एकाएकी नाहीसे झाले. ताईनं गल्लीत सांगितलं, जहाजावर नोकरी लागली. ते जहाज आजतागायत चालूच आहे! सोमवारी रॉटरडॅम, बुधवारी योकोहामा. एवढं भरधाव जहाज आमच्यावर राज्य करणाऱ्या डचांकडे असतं, तर बिचारे वेळेवर घरी गेले असते.

खरं काय ते सगळ्यांना ठाऊक. दाजी जवळच्या सेमारांग शहरात दुसरा संसार थाटून बसले, गल्लीतल्या दोघा-तिघांनी पुढे कित्येक वर्षांनी पाहिलंय. ताईच्या जिभेला कंटाळून पळाले. किती मऊ बोलायचे! मला सायकलवर बसवून शाळेत सोडायचे. ते गेल्यावर मी दोन दिवस जेवले नव्हते. ताईच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

दोष कोणाचा, ते मला तेव्हाच कळलं.

९ मार्च, शनिवार

लिहून झाली! नऊ पानं. 'जहाजावरचा नवरा'. नावं बदलली, टपरी तीच ठेवली. पळून चाललेल्या नवऱ्याच्या तोंडी एक वाक्य घातलंय – "समुद्रातही वादळं असतात, पण ती मधूनमधून थांबतात." माझं मलाच हसू आवरेना.

१० मार्च, रविवार

वाचली. सर हसता हसता चष्मा पुसायला लागले. "हेच! हेच खरं!" गलिह म्हणाला, "जरा लोकांना समजेल अशीच झालीय." त्याच्या लेखी ही शिवी. सर स्वतः पेपरच्या रविवार पुरवणीला पाठवणार आहेत.

३१ मार्च, रविवार

छापून आली!! नाव ठळक. चार अंक घेतले. ताईकडे नेला नाही. ती कुठे वाचते? पेपर तिला लागतो तो तेम्पे बांधायला.

१ एप्रिल, सोमवार

सकाळी टपरीवर न्याहारीला बसले होते. शेजारी भाजी विकणाऱ्या तुमिनीकाकू कालचा पेपर नाचवत आल्या.

"अगं निंग, तुझं नाव छापलंय की! थांबा सगळे, वाचते."

बाकावर पाच-सहा गिऱ्हाइकं. सुरुवातीला सगळे खदखदून हसले – मिरच्या वाटणारी बायको, आठवड्यात दोन खंड ओलांडणारं जहाज. मग काकूंचा आवाज बारीक होत गेला. थांबल्याच.

ताई तेम्पे तळत होती. वळली नाही. "थांबलात का? वाचा पुढे."

"जाऊ दे गं, वार्सिती..."

"वाचा म्हणते ना. पेपर विकत घेतलाय तुम्ही."

काकूंनी शेवटपर्यंत वाचलं. वादळाच्या वाक्याला एक बसवाला फिसकन हसला, मग त्यानं घास गिळला. कोणी मान वर करेना. मी ताटलीतली चटणी चिवडत बसले. आणि मनात काय येत होतं? – वाक्यं ऐकायला छान वाटतायत! शरमही वाटली. पण दुसऱ्या नंबरला.

ताईनं काकूंच्या हातून पेपर घेतला, त्याच पानात चार तेम्पे बांधले आणि बसवाल्याला दिले. "जपून धर. गरम आहेत."

२ एप्रिल, मंगळवार

ताई बोलत नाही. टपरी नेहमीच्या वेळेला उघडली म्हणे. मी लांबच्या रस्त्यानं दुकानात आले.

३ एप्रिल, बुधवार

न राहवून सरांकडे गेले. म्हटलं, "सर, ताईनं बोलणं टाकलंय."

"उत्तम! म्हणजे बाण वर्मी लागला. आता तू खरी आमच्यातली."

"पण तिनं मला लहानाची मोठी केलीय, सर."

"असल्या गोष्टीत लेखकानं अडकायचं नसतं. लेखक शेवटी एकटाच असतो, निंग. अगदी एकटा."

आतून त्यांच्या बायकोची हाक आली – वाढलंय, गार होतंय. एकटे सर लगबगीनं आत गेले.

मी रस्त्यात उभी. माफी मागायची, तर कशाची? खोटं कुठे लिहिलंय मी?

४ एप्रिल, गुरुवार

ताई दुकानात आली. कधी येत नाही ती. घडीवर घडी पडलेला एक कागद पुढे केला. "याची झेरॉक्स काढून घे. मूळ कागद माझा मला दे."

परदेशात घरकामाला मुली पाठवणाऱ्या दलालाचा अर्ज. नाव माझं. फोटो माझा. वय – एकवीस. मी तेव्हा चौदाची होते. पालक म्हणून सही – पार्दीदाजींची.

"त्याच्या शर्टाच्या खिशात सापडला. त्याच दिवशी पेटी भरून मीच रस्त्यावर ठेवली त्याची."

"मग – जहाज कशाला?"

"दाजी दाजी करत जीव टाकायचीस त्याच्यावर. सेमारांगहून नुसता निरोप आला असता, तरी धावली असतीस. समुद्रातल्या माणसामागे कोण धावतं?"

"मी मोठी झाल्यावर तरी..."

"मोठी झाल्यावर काय? घरातला एक तरी माणूस तुला गोड आठवत होता. राहू दिला."

यंत्राचं झाकण लावायचं विसरले. कडा काळ्या आल्या. दुसरी प्रत काढली.