डावीकडचा आवाज

२ नोव्हेंबर, रविवार

जरीपटक्याच्या बाजारातून इयरबड घेतले. ('इअरबड' की 'इयरबड'? डब्यावर मराठी नाही. मी 'इयरबड' लिहीन. एकदा ठरवले की तसेच.) रंग काळा. स्वस्तातलेच, पण अगदी फुटपाथवरचे नाहीत. दुकानात इतका वेळ उभा होतो की शेठ म्हणाला, "भाई, बड लेना है या लड़की देखने आए हो?" बाजूची दोन गिऱ्हाइके हसली. मग घाईत घेतले. घाईत घेतले हे बरे नाही झाले.

सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. फेब्रुवारीत बारावी. शाळा सुटून सहा वर्षे झाली. कंपनीची बस बुटीबोरीला पोचायला सव्वा तास घेते, परत तेवढाच. तोच माझा अभ्यासाचा वेळ, फोनवर लेक्चर ऐकायचा. वायरवाले तीन तुटले, म्हणून हे.

सात दिवसांत बदलून मिळतात. तेवढ्यात सगळे तपासायचे.

३ नोव्हेंबर, सोमवार

तपासणी, जाताना आणि येताना:

कानात बसणे – मधल्या मापाचे रबर लावले. खड्ड्यांतही पडले नाहीत. ठीक.

बोट लावून थांबवणे – मफलर सारखा करताना लेक्चर दोनदा बंद पडले. एकदा आईला फोन लागला. ती घाबरली.

बाहेरचा आवाज – बसचे इंजिन जसेच्या तसे ऐकू येते. डब्यावर 'नॉइज कॅन्सलेशन' लिहिले आहे. शेठला फोन करून विचारले. म्हणे ते समोरच्या माणसासाठी असते, त्याला आपल्या मागचा गोंगाट ऐकू येऊ नये म्हणून. म्हणजे पैसे माझे, आराम त्याचा.

चित्र आणि आवाज – भूगोलाचे सर 'पठार' म्हणतात, ओठ मिटतात, मग आवाज येतो. अगदी थोडा फरक. शेजारच्याला दाखवला, त्याला दिसेना. मला दिसतो. कापड विणायचे लूम चालू असले की आमच्या शेडमध्ये बोलणे ओठांवरून आणि हातांवरूनच होते, त्यामुळे असेल.

डावा – आवाज कमी. उजव्याच्या निम्माही नाही. पीसच खराब.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पूर्ण चार्ज केले. जाळी कोरड्या ब्रशने पुसली. फोनवरून काढून पुन्हा जोडले. मोठे रबर, मग लहान रबर. डावा तसाच.

डाव्या-उजव्याचा एक व्हिडिओ मिळाला. बाई 'राइट' म्हणते तेव्हा कानात बसल्यासारखी, 'लेफ्ट' म्हणते तेव्हा शेजारच्या खोलीत.

५ नोव्हेंबर, बुधवार

ड्यूटीवरून थेट दुकानात. शेठने दोन्ही बड रुमालाने पुसून स्वतःच्या कानात घातले, गाणे लावले, मान हलवली. "दोनों सेम चल रहे हैं, भाई."

मी म्हटले, डावा कमी आहे. त्याने नोकरालाही ऐकवले. तोही म्हणाला सेम. मालक म्हणतो म्हणून तो म्हणणारच. मी जागचा हललो नाही. शेवटी शेठने हात जोडले आणि दुसऱ्या कंपनीचे पांढरे दिले. "ये ले जाओ, पर वापस मत आना मेरे बाप."

चांगला माणूस आहे, पण खोटा बोलला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पांढरे. डबीचे झाकण घट्ट. बोट चुकून लागले तरी बंद पडत नाहीत, दोनदा टिचकी मारावी लागते. ओठ आणि आवाज जवळजवळ बरोबर. सगळ्याच बाबतीत काळ्यांपेक्षा चांगले.

डावा कमी.

दोन वेगळ्या कंपन्या आणि दोष एकच? शेठ परत आलेला माल पुन्हा खपवतो की काय.

९ नोव्हेंबर, रविवार

आज हे लिहायचे की नाही, दुपारपासून ठरत नव्हते.

जेवण झाल्यावर आईला बड घालून दिले. तिला भजन लावून दिले. ती एकदम ओरडली, "अगं माय! डोक्याच्या आतच गाऊन राह्यली ना बाप्पा हे!" मी विचारले, डावीकडे कमी येते ना? आई म्हणाली, "नाई गा. दोन्हीकडून सारखंच येऊन राह्यलं."

मग मी डावा बड उलटा धरून उजव्या कानाला लावला. आवाज भरपूर.

उजवा बड डाव्या कानाला. शेजारच्या खोलीतली बाई.

काळे खराब नव्हते. पांढरेही नाहीत. शेठ खरे बोलत होता.

आईनेच बड काढता काढता म्हटले, "दोन वर्षं झाले, तू कोंबड्यावानी मान वाकडी करून ऐकतं. मले वाटलं, तुले सवयच लागली."

१० नोव्हेंबर, सोमवार

मळ असेल. सर्दीही असते या दिवसांत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मळ नसेल तर काय, हे आज कागदावर आणतो. नाही आणले तर डोक्यात फिरत राहते.

शेडमध्ये कानात घालायला पिवळे बोळे मिळतात, दोन, दोरीने जोडलेले. मी कामाला लागलो तेव्हा भोजराजदादांनी (माझ्या समोरच्या ओळीचे, वीस वर्षांपासूनचे विणकर) पहिल्या दिवशीच शिकवले, "एक कानात, एक बाहीर. दोन्ही लावशीन तर फोरमन बोंबलन तं तुले ऐकू कसं यीन? भैताड म्हनन तुले." शेडमध्ये सगळे तसेच करतात. फोरमनचे टेबल आमच्या डावीकडे. म्हणून उजवा कान बंद, डावा उघडा.

चार वर्षे. रोज आठ तास. डावा उघडा.

फोरमनने हाक मारली की उठून गेलो नाही असे एकदाही झाले नाही. याचा मला अभिमान होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गेटबाहेर चहाच्या टपरीवर भो. दादांना विचारले, तुमचा डावा कसा आहे? ते मोठ्याने म्हणाले, "काय कसा हाय?" मी कानाला बोट लावले. "अरे, तो तं गेला बे कधीचाच! तुयाबी गेला का?" सगळी टपरी वळली.

"दादा, हळू बोला."

"हळूच बोलून राह्यलो ना!"

मी त्यांना बाजूला नेऊन, शेडमध्ये बोलतो तसे, हाताने सांगितले, माझाही कमी झाला आहे. तिथे त्यांना एकही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. त्यांनी माझ्या छातीवर बोट टेकवले, मग ओठांवर. म्हणजे कोणाला सांगू नको.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कानाचे डॉक्टर. बॅटरी लावून पाहिले. मळ नाही. पडदा चांगला आहे. मी 'मळ नाही?' असे तीनदा विचारले असेन.

विचारले, काम कुठे? सांगितले. कंपनीत दरवर्षी कानाची तपासणी होते ना? होते. गेल्या वर्षीचा रिपोर्ट? फोनमध्ये होता, दाखवला. दोन्ही कान नॉर्मल.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "वर्षभरात एवढा फरक? तपासणी नीट झाली होती ना?"

मी म्हणालो, हो.

म्हणाले, यंदाची होऊ द्या, ती घेऊन या, मग ठरवू. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवता येतं. उजवा तरी सांभाळा.

गेल्या वर्षीची तपासणी नीट झाली नव्हती, हे मला माहीत आहे. व्हॅनमध्ये काचेच्या पेटीत बसवतात, हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचे. मॅडम बाहेर यंत्राशी बसतात. काचेतून त्यांचा हात दिसतो. बोट हलले की आवाज सोडला. हेही भो. दादांनीच शिकवले होते. आमच्या ओळीतले सगळे मॅडमचा हात पाहतात, सगळ्यांचे कान नॉर्मल. ओठ आणि हात वाचण्यात आमच्याइतके तरबेज कोण.

तेव्हा मला ऐकू येत होते की नव्हते? आठवत नाही. मी ऐकतच नव्हतो, पाहत होतो. त्यामुळे कधीपासून कमी झाले हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नोटीस लागली. तपासणीची व्हॅन २५ ते २८.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांची नवी यादी १ डिसेंबरला लागते. मागच्या वेळी दुसऱ्या शेडमधल्या दोघांच्या रिपोर्टवर लाल खूण आली होती. एक कायम होता, त्याला गोदामात दिले. दुसरा कॉन्ट्रॅक्टचा होता. त्याचे नाव यादीत नव्हते.

मी कॉन्ट्रॅक्टचा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज बसमध्ये बड घातलेच नाहीत. नुसता बसलो. आमच्या शेडची माणसे पाहिली. बोलताना प्रत्येक जण समोरच्याकडे उजवा कान करतो. सगळी बस एका अंगाला कलल्यासारखी. चार वर्षे याच बसमध्ये बसतो आहे, कधी दिसले नाही.

आजचे लेक्चर राहिले. मृदेचे प्रकार. रविवारी भरून काढायचे.

२३ नोव्हेंबर, रविवार

फोनच्या सेटिंगमध्ये एक पट्टी सापडली. डावीकडे सरकवली की उजव्याचा आवाज कमी होतो. हळूहळू सरकवत नेली. एका जागी दोन्ही सारखे झाले. सर बरोबर कपाळाच्या मध्ये येऊन बोलू लागले. डोळ्यांत पाणी आले. का ते कळले नाही.

मग लगेच भीती वाटली. सारखे झाले म्हणजे बरे झाले असे नाही. शिवाय आता एकूणच आवाज वाढवावा लागतो. पट्टी परत मध्ये आणली. आवाज निम्म्यावर. यापुढे बसमध्ये उजव्यातही निम्म्यावरच, ऐकू आले नाही तर लेक्चर घरी.

पांढरे ठेवून घेतले. त्यांच्यात दोष नाही.

आईला सांगितले. डॉक्टरांचेही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मंग तपासनीत खरं सांगशीन का नाई?" मी म्हणालो, खरे सांगितले तर यादीतून नाव जाईल. नाही सांगितले तर तिथेच उभा राहीन, उजवाही जाईल. तिने उरलेली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "मी तुले हाक मारतो तं तू आधी इकडंतिकडं पाह्यतं. कोणीकडून आवाज आला ते तुले समजतच नाई. मले ते पाह्यवत नाई गा."

तिने काय करायचे ते सांगितले नाही. मी दोनदा विचारले तरी नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

भो. दादा बसमध्ये शेजारी येऊन बसले, माझ्या उजवीकडे. "उद्या तुया नंबर हाय ना? काचीतून तिचा हात पाह्य. डोये उघडे ठेव, बस." मी खिडकीबाहेर पाहिले. "काहून बे, तोंड काहून पाडलं? गोदामाचं सपन पाह्यून राह्यला का? कॉन्ट्रॅक्टवाल्याले गोदाम नसते, गेट असते."

खरेच आहे ते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

माझा नंबर नववा. रांगेत पांढरे बड खिशात होते. डबीचे झाकण उघडबंद करत होतो. मागचा म्हणाला, "ते टकटक बंद कर ना बे."

आत गेलो. काच. त्यापलीकडे मॅडम, नव्या आहेत. त्यांचा हात स्वच्छ दिसत होता. हिरव्या बांगड्या, करंगळीला शाई लागलेली. हेडफोन लावताना म्हणाल्या, आवाज आला की दाबा, नाही आला तर नका दाबू. सोपे आहे.

मी विचारले, खुर्ची फिरवून बसलो तर चालेल का?

म्हणाल्या, "भिंतीकडे तोंड? का?"

मी म्हणालो, असेच.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मागच्या रांगेकडे, मग खुर्चीकडे. "चालेल," म्हणाल्या.

भिंतीला राखाडी फोम आहे, अंड्यांच्या ट्रेसारखा. डोळेही मिटले. आधी उजवा. जाड, बारीक, अगदी बारीक आवाज. दाबत गेलो. मग डावा. पहिले जाड आवाज आले. दाबले. एक आला असे वाटले, पण खात्री नव्हती, नाही दाबले. मग थांबलो. पुढचा येईल म्हणून बटणावर अंगठा ठेवून थांबलो. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. म्हटले, मॅडम काहीतरी लिहीत असतील.

दार उघडले. खांद्याला हात लागला. "झालं. या."

मी म्हणालो, डाव्याचे अजून चालू आहे ना?

"झालं ते," त्या म्हणाल्या.

रिपोर्ट ऑफिसला जाईल, चार-पाच दिवसांत. एक प्रत मला मिळेल का विचारले. मिळेल म्हणाल्या. ती डॉक्टरांकडे न्यायची.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज दोन्ही बोळे घातले. शेड लांब गेल्यासारखी झाली. फोरमनने हाक मारली ती कळलीच नाही. तो टेबलावरून उठून आला आणि पाठीवर थाप मारली. ओठ वाचले. लिहिण्यासारखे नाही.

उद्यापासून थोड्या थोड्या वेळाने टेबलाकडे नजर टाकायची. हाक दिसली पाहिजे.

यादीला पाच दिवस.

भो. दादांचा नंबर परवा आहे. दुपारी त्यांनी समोरच्या ओळीतून हाताने विचारले, हात पाहिला का? मी हाताने सांगितले, नाही. खुर्ची फिरवली. डोळे मिटले. भैताड, असे त्यांचे ओठ म्हणाले. मग त्यांचा धागा तुटला, लूम थांबला, ते खाली वाकले. गाठ मारून उठले तरी लूम लगेच चालू केला नाही. माझ्याकडे पाहत राहिले.

मग एका हाताने खुर्ची फिरवल्यासारखे केले आणि भुवया वर नेल्या. म्हणजे, फिरवू देते का ती?

मी मान हलवली. देते.