डाव्या हाताची डबी

उमरठ, ८ डिसेंबर २०२४

ती. ताईस रितेशचा सा. न. वि. वि.

बनुआत्याच्या हातांवर लावून ओढलेल्या, कातडीचा पापुद्रा धरलेल्या चिकटपट्ट्या तुला तपासायला पाकिटात आहेत. उजव्याच्या वेगळ्या, डाव्याच्या वेगळ्या. तू सांगितल्याप्रमाणे उजव्या हाताला लाल झाकणाच्या डबीतले मलम, डाव्याला पांढऱ्या. पट्टी ओढायला आत्याची नात अक्षदा माझ्याआधी पुढे असते. तिच्याही हातांवर आजीसारखे खवले धरू लागले आहेत.

लाल डबी मांजराने फळीवरून पाडली. दुसरी पाठवावीस. आई विचारते, तिथे प्रयोगशाळेत जेवतेस की नुसत्या काचेच्या बशा बघतेस.

लोभ आहे तसाच राहू द्यावास.

तुझा रितेश

पुणे, १० जानेवारी २०२५

चि. रितेश यास अनेक आशीर्वाद.

मलम सांडणारे मांजर उमरठात पहिलेच असेल, त्याला माझा नमस्कार सांग. पाठवलेली डबी पोचली असेलच. जेवते, असे आईला सांग.

आता वाईट बातमी. कातडीच्या पेशी सेरामाइड नावाची चरबी बनवतात. कुडाच्या फटी सारवणाने बुजाव्यात तशी ती पेशींमधल्या फटी बुजवते. आत्याच्या पेशींना ती नीट बनवता येत नाही. एका डबीत ती चरबी होती, दुसरीत साधे मलम. कोणत्या डबीत काय, हे मलाही ठाऊक नव्हते. काल माझ्या प्रयोगशाळेच्या सरांनी सांगितले, चरबी लाल डबीत होती. पण आत्याचे दोन्ही हात सारखेच सुधारलेत, डाव्या पट्ट्यांतही सेरामाइड वाढले आहे. सर म्हणतात, साध्या मलमाने पेशी सुधारत असतील तर तुझी चरबी कशाला? इतर दोन रोग्यांचे आकडे धड इकडे ना तिकडे, आत्यावरच सगळे ठरायचे होते. महिनाअखेर काम बंद होईल. मग मलमही नाही. अक्षदाच्या हातांचे काय, हे मनात येते.

असो. आठवण ठेव.

ताई

उमरठ, १५ जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न.

मांजर खोटे आहे.

महिन्याभरात आत्याचा उजवा हात मऊ पडला आणि डावा फुटतच राहिला. भाकरी थापताना पिठावर रक्ताचे ठिपके पडत. लाल डबी फक्त उजव्याला, असे मी बजावले, तर म्हणाली, "डावा हात काय सवतीचा हाय रे?" मी हसलो आणि डबी तिच्यापुढे सरकवली. ती दोन्ही हातांना लावू लागली, म्हणून लवकर संपली. पट्ट्यांवर मात्र मी 'डावा, पांढरी डबी' असेच लिहीत राहिलो.

बारावीत राहिलेल्या मला तू हे काम दिलेस, कारण माझे लिहिणे नेटके. नेटके लिहूनच तुझे काम बुडवले. आत्याचा दोष नाही.

लोभ असावा असे लिहायला हात धजत नाही.

रितेश

पुणे, २२ जानेवारी २०२५

चि. रितेशला आशीर्वाद.

सरांना सगळे सांगितले. त्यांनी आत्याच्या आकड्यांवर रेघ मारली. मग म्हणाले, त्या पट्ट्या बाद. आत्या पुन्हा तयार असेल तर मार्चपर्यंत थांबू.

तुझ्यावर रागवायला बसले होते, जमले नाही. एक डबी साधी असेल हे मी आत्याला सांगितले होते. त्याचा अर्थ तिचा एक हात थंडीभर फुटत राहील, हे तोंडावर सांगितले नाही. सांगितले तर नको म्हणेल, ही भीती होती. तू तो हात रोज पाहिलास. मी इथे बसून आकडे पाहिले.

या वेळी काही न लपवता विचार. नको म्हणाली तर लाल डबी दोन्ही हातांना लावू दे, मी सरांना तिचा नकार कळवीन. हो म्हणाली, तरी रक्त दिसताच थांबव.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

ताई

उमरठ, १६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस रितेशचा सा. न. वि. वि.

सगळे सांगितले. आत्या चुलीशी होती. ऐकून घेतले, अक्षदाकडे बघितले आणि म्हणाली, "हिला मलम मिळणार आसंल तर ऱ्हाऊ दे डाव्याला तसाच. मला आधी का नाय सांगितलंस?"

गेल्या आठवड्यापासून डावा हात पुन्हा फुटला. तू लिहिल्याप्रमाणे थांबवून डाव्यालाही लाल डबी लावायला गेलो, तर तिने लाल डबी स्वतःच्या ट्रंकेत ठेवून किल्ली कमरेला खोवली. उजव्या हातापुरती काढते, पुन्हा कुलूप. रागावलो तर मलाच म्हणते, आता तू मधे पडू नको. हात पदराखाली ठेवते, पट्टीच्या वेळेसच बाहेर काढते.

तू ये. माझे ऐकत नाही.

या खेपेच्या डाव्या पट्ट्यांवर रक्त आहे. पुसले नाही.

तुझा रितेश